खारपाणात मेंढ्या बसवल्या ते वर्ष

आमच्या गावात भाजी टेम्पोतून येते. सगळं गाव शेतकऱ्यांचं, आणि वांगी, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) विकत घ्यायचं ते अकोल्याहून आलेल्या टेम्पोवाल्याकडून, तेही अर्धं सुकलेलं. कॉलेजात मी हे सांगायची तेव्हा मोर्शी-वरुडकडच्या मुली हसायच्या. त्यांच्या विहिरींना गोडं पाणी. आमचं गाव अकोला-दर्यापूर रस्त्याच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. जमीन वरून बघाल तर काळीभोर, भरवशाची वाटते. खाली बोअर मारा, पाणीही लागतं. पण ते खारं. एकदा पिकाला दिलं की पीक चार दिवस तरारतं आणि मग जमीन आवळून घट्ट होते, वर पांढरी पापडी धरते. म्हणून आमच्याकडे पावसावर येईल तेवढंच पीक, कापूस, तूर, हरभरा, आणि भाजीचं नाव नाही.

माझी माय मोर्शीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरून वांग्याची रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती असं काकू अजून सांगते. रोपं गेली. पुढच्या वर्षी पुन्हा आणली, तीही गेली. सरकारी योजनेतून आमच्या वावरात शेततळं झालं तेव्हा पावसाचं गोडं पाणी पहिल्यांदा थोडं हाताशी आलं, आणि मायनं तळ्याखालचा तुकडा मागून घेतला. तिथं ती दर वर्षी काहीतरी लावी आणि दर वर्षी अर्ध्याच्या वर जळून जाई. बाबा काही बोलत नसत. बोलत नसत म्हणूनच भीती वाटायची.

मग सोलरवाला आला. पायात बूट, हातात मोबाइल, बोलणं गोड. त्याला रस्त्याला लागून असलेली जमीन भाड्यानं हवी होती, पॅनल लावायला, कितीतरी वर्षांच्या करारानं. मायचा तुकडा नेमका रस्त्याला लागून.

"काकाजी, जिथं काही पिकतच नाही ते द्या ना. बाकी वावर तुमचं तुम्ही करा."

बाबांना हे पटलं. त्यांचं पटणं चेहऱ्यावर दिसतं, ते मिशीवरून हात फिरवतात. सोलरवाला गेल्यावर ते मायला म्हणाले, "पोळ्यापर्यंत पायतो. या पावसाळ्यात तुह्या तुकड्यात दाखवण्याजोगी भाजी झाली, तं तुकडा तुहा. नाई झाली, तं पोळ्यानंतर म्या सही करतो. मंग रडू नोको."

"म्या कवा रडली?" माय म्हणाली, आणि चुलीपुढून उठून गेली.

तिनं मला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी लाजत सांगत नाही. अमरावतीला राहून, वसतिगृहाचं पातळ वरण खाऊन रसायनशास्त्रात एमएस्सी केली आणि अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. पण गावात कोणाला माझ्या शिक्षणाचा उपयोग विचारावासा वाटला नव्हता. माय पहिली.

"तू त्या मिठाचंच शिकली ना वं? मंग सांग, या जमिनीचं काय कराव?"

जे माहीत होतं ते सांगितलं. खाऱ्या जमिनीत मातीचे कण एकमेकांना चिकटून बसतात, पाणी खाली जात नाही, मुळांना हवा मिळत नाही. शेणखत भरपूर पडलं तर माती मोकळी होते, पावसाचं पाणी आत शिरतं आणि मीठ खाली नेतं. पण एका वर्षात किती फरक पडेल हे मी सांगू शकत नव्हते, आणि तसं तिला म्हटलंही.

"भरपूर म्हनजे कुठून आनू? दोन बैलं अन् एक गाय हाये. त्याहिचं खत पऱ्हाटीले पुरत नाई."

हे खरं होतं, होतं तेवढं खत कापसालाच जाई. गावात ट्रॅक्टर आले तसे गोठे रिकामे झाले. पूर्वी गावकुसाबाहेर प्रत्येक घराचा उकिरडा असे, आता तिथं प्लॅस्टिक उडतं. विकतचं खत आणायचं तर बाबांनी पैसा सोडला नसता. उरल्या मेंढ्या.

उन्हाळ्यात मेंढपाळांचे डेरे आमच्या भागातून जातात. ज्याचं वावर रिकामं असेल तो त्यांना बोलावतो. दिवसभर मेंढ्या रानात चरतात आणि रात्री त्या वावरात जाळी लावून बसवतात. रोज संध्याकाळी जाळी पुढं सरकते, म्हणजे सगळ्या वावरावर लेंडी आणि मूत सारखं पडतं. बदल्यात डेऱ्याला ज्वारी द्यायची, चहा-साखर द्यायची. शेणखत गाडीनं वाहून न्यावं लागतं. हे खत स्वतःच्या पायानं चालत येतं.

पण चालत यायचं की नाही हे मेंढपाळ ठरवतो. त्या वर्षी गावात सगळ्यांनाच मेंढ्या हव्या होत्या. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या धुऱ्याला, शेताच्या कडेच्या बांधाला, लागून त्यांचं वावर, त्यांनी आधीच डेऱ्यावर ज्वारीचं पोतं टाकून ठेवलं होतं. मी शनिवारी गावी आले आणि मायसोबत डेऱ्यावर गेले. म्हातारा मेंढपाळ खाटेवर बसून सूत कातत होता. त्यानं आमच्याकडे न बघता विचारलं, "पानी कुठी पाजाचं?"

"शेततळं हाये. गोडं."

"काय उरलं त्यात?"

"तळाले हाये. तुह्या मेंढ्याले पुरते," माय म्हणाली.

तो हसला. "तुमच्या दिराचं बोअरचं पानी माह्या मेंढ्यानं तोंडात घेतलं अन् थुकलं. मेंढी थुकते हे म्या पयल्यांदा पायलं." मग म्हणाला, "येतो. पन आधी त्याच्याकडं दोन-चार रात्री बसतो. जबान देली हाये."

त्या दोन-चार रात्री सरता सरेनात. आभाळ भरून यायचं. अवकाळी पाऊस झाला असता तर म्हाताऱ्यानं डेरा उचलून मुरमाड जमिनीकडे, परतवाड्याच्या बाजूला नेला असता. ओल्या काळ्या मातीत मेंढ्यांचे पाय कुजतात. मी अकोल्यात वर्गात शिकवताना खिडकीबाहेर बघायची. मायला फोन केला की ती आधी आभाळाचं सांगायची आणि मग बाकी.

शेवटी मेंढ्या आल्या. मी रजा टाकून गेले होते. संध्याकाळी धुरळ्याचा एक लोट आमच्या धुऱ्यावरून आत शिरला आणि मग तो धुरळा बें-बें करू लागला. डेऱ्यातल्या बायकांनी खुंट्या ठोकून जाळी लावली. तिला त्या वाघूर म्हणत. बाबा नाकाला उपरणं लावून लांब बसले होते, पण बसले होते, घरी गेले नव्हते.

मी म्हातारबांना सांगितलं, मधली एक पट्टी सोडून द्या, तिथं मेंढ्या बसवू नका.

"काऊन?" माय एकदम म्हणाली. तिला प्रत्येक लेंडी हवी होती.

"फरक दिसला पायजे. नाहीतर बाबा म्हणतील पाऊस चांगला झाला म्हणून भाजी झाली."

बाबांनी ते ऐकलं. "व्हय, ठेवा," ते म्हणाले. "ते कॉलेजची पट्टी. तिथी डिग्री पेरा." पुढं वर्षभर त्या पट्टीला कॉलेजची पट्टीच म्हणत.

डेरा गेला त्या सकाळी वावर काळ्या लेंड्यांनी भरलं होतं आणि वास इतका तिखट की डोळ्यांत पाणी यावं. मायनं वेळ घालवला नाही. तो वास म्हणजे खतातला जीव उडून जातो आहे हे मी तिला सांगितलं होतं, आणि तिला ते कळतही होतं. तिच्या माहेरी खत असं उन्हात पडू देत नसत. बाबांनी बैल जुंपून उथळ वखर फिरवला. ट्रॅक्टरवाल्यानं खोल नांगरून देतो म्हणून विचारलं होतं, पण खालचं खारं ढेकूळ वर नको म्हणून मायनं त्याला धुऱ्यावरूनच परत लावलं.

मृगात पाऊस बरा झाला. वांगी, मिरची, भेदरं म्हणजे टोमॅटो यांची रोपं लागली, कडेनं चवळी आणि गवार, मधे ढेमश्याचे वेल. माय रोज फोटो पाठवू लागली. तिला फोटो काढता येत होता पण बोट भिंगावरून काढता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात तिचं बोट आणि बाकी हिरवं. हिरवं गडद होतं. कॉलेजच्या पट्टीतली रोपं फिकी, बुटकी. बाबा काही म्हणाले का, असं मी विचारायची. "पायते," ती म्हणायची. "पायते अन् जाते."

मग पाऊस थांबला.

आमच्याकडे पावसाची उघडीप नवी नाही. पण या वेळी मी घाबरले त्याचं कारण वेगळं होतं. मेंढीचं खत गरम. त्याला पाणी मिळालं नाही तर ते मुळं भाजतं. शिवाय खतातही मीठ असतंच. पाऊस पडत राहिला तर ते धुऊन जातं, नाहीतर जमिनीतल्या मिठात त्याची भर. हे मी मायला आधी सांगितलं होतं, पण पाऊस पडेल असं गृहीत धरून सांगितलं होतं. आता अकोल्यात खोलीवर बसून मी रोज मोबाइलवर हवामान बघायची, ढगाचं चित्र यायचं आणि त्याखाली पाऊस नाही असं लिहिलेलं असायचं. आपणच तिच्या तुकड्याला विस्तव लावला की काय, असं वाटायचं.

शनिवारी गेले तर रोपांनी माना टाकल्या होत्या. दुपारी सगळीच टाकतात, पण ही सकाळीच. माय शेततळ्यातून गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरभरून आणत होती आणि एकेका रोपाच्या बुडाशी वाटीनं पाणी घालत होती. तळ्यात पाणी फार नव्हतं. मी हरभऱ्याच्या भुशाचं कुटार आणून रोपांभोवती पसरू लागले, ऊन मातीवर थेट पडू नये म्हणून. काकू धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

"बोअर सुरू कर ना वं बाई. एक पाळी दे. जीव तं वाचन."

"नाई."

"एका पाळीनं काई होत नाई."

"तुमच्या वावरात काय झालं मंग?" मायनं मान वर न करता विचारलं. काकू परत गेली. त्यांच्या वावरात दोन वर्षांपूर्वी हरभऱ्याला अशीच एक पाळी दिली होती. ती जमीन अजून वखराला दाद देत नाही.

बोअर आमचीही होती, गोठा धुण्यापुरती. पाइप तुकड्याच्या कोपऱ्यापर्यंत आलेला. बटन दाबायचं, एवढंच. त्या दिवसांत मायनं त्या बटनाकडे पाठ करून काम केलं असं म्हटलं तरी चालेल.

मी रविवारी परत निघाले. मंगळवारी तिचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"तुह्या बापानं पानी देलं."

आधी मला कळेना. माय दर्यापूरला मावशीला भेटायला सकाळी गेली होती, दुपारी परतली तर बोअरकडच्या सऱ्या भरून वाहत होत्या आणि बाबा फावडं घेऊन त्यांच्यात उभे. ज्या माणसाला तो तुकडा सोलरवाल्याला द्यायचा होता, तोच उन्हात उभा राहून तिच्या वांग्यांना पाणी देत होता. "मरून राह्यले होते," एवढंच ते म्हणाले. माय म्हणाली, तिनं आधी बटन बंद केलं, मग ओल्या मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग बाबांच्या हातातून फावडं घेतलं आणि पाणी पुढच्या सऱ्यांत जाऊ नये म्हणून मधे मातीचा बांध घातला.

"किती गेलं?" मी विचारलं.

"बोअरकडचं समदं. भेदरं अन् मिरच्या. आता हिरवं दिसते. उद्या-परवा पाय."

तसंच झालं. चार दिवस ती रोपं इतकी टवटवीत दिसली की काकू मुद्दाम बघायला आली. मग पानांच्या कडा करपल्या, आणि सऱ्यांवर पांढरी पापडी चढली. मी गेले तेव्हा त्या भागात पाय ठेवला तर माती विटेसारखी वाजली. बांधाच्या अलीकडे, मायनं वाटीवाटीनं जगवलेल्या वांग्यांच्या बुडाशी मी बोट घातलं. कुटाराखाली माती थंड होती, भुसभुशीत, आणि बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. आमच्या गावच्या मातीत आषाढातल्या उघडिपीत बोट असं जात नाही. कॉलेजच्या पट्टीत मी तेच करून बघितलं, नख वाकलं.

पाऊस आला तो उशिरा आणि तेही रडतखडत. खाऱ्या भागातलं काही परतलं नाही. उरलेल्यात ढेमसे लागले, चवळी लागली, वांगी बोटाएवढी दिसू लागली. माय आठवडी बाजारात एक टोपलं घेऊन बसली, तर शेजारची भाजीवाली म्हणाली, "कुठून भरला वं माल?" माय म्हणाली, "वावरातून." भाजीवालीनं ढेमसा उचलून, वळवून, वास घेऊन खाली ठेवला. "अकोल्याहून आनला असन," ती दुसरीला म्हणाली. मायला त्याचा राग आला नाही. तिला फक्त पोळा दिसत होता.

आणि मला ते अर्धं जळालेलं वावर दिसत होतं. बाबांची अट दाखवण्याजोग्या भाजीची होती. रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला आधी बोअरकडचा भाग दिसायचा, पांढरा, काड्यांचा. हिरवं त्याच्या मागं. मी मनात वाद घालायची, बाबांशी, सोलरवाल्याशी, आणि प्रत्येक वेळी हरायची, कारण पाणी बाबांनी दिलं हे मी त्यांना तोंडावर कशी म्हणणार होते? आणि माय तर म्हणणारच नव्हती. ती भांडते, पण झालेल्या गोष्टीचं नाव काढत नाही.

पोळा झाला. बैलांची बेगड अजून शिंगांवर होती तेव्हाच सोलरवाला आला. सोबत एक जण, हातात मोजायची टेप. मी मुद्दाम सुट्टी घेऊन थांबले होते. आम्ही सगळे वावरात गेलो. सोलरवाल्यानं बुटाच्या टोकानं पांढरी पापडी उकरली आणि हळहळ दाखवत म्हणाला, "काकाजी, तुम्ही केलं ना प्रयत्न. पाहा, अर्धं तर गेलंच. जमीनच खराब आहे, तुमचा काय दोष."

माय चवळीच्या ओळीत वाकून शेंगा तोडत होती. तिचा हात थांबला. मी बाबांच्या मिशीकडे बघत होते.

"जमीन खराब नाई," बाबा म्हणाले. "ते म्या केलं. बोअरचं पानी म्या देलं."

"हो, पण—"

"पन काय? तुमी इकडं या." ते त्याला बांधाच्या अलीकडे घेऊन गेले, वांग्यांमध्ये उभं केलं, मग कॉलेजच्या पट्टीत. "हे मेंढ्याचं. हे बिनमेंढ्याचं. हे माह्या अकलेचं. तिन्ही पाहून घ्या." मग मायकडे न बघता म्हणाले, "यंदा माह्यामुळं खराब झालं, म्हनून पोळ्याची गोष्ट म्या मोडतो. आनखी एक वर्ष पायतो."

मला वाटलं माय आता काहीतरी नरम बोलेल. तिनं शेंगा टोपल्यात टाकल्या आणि सरळ उभी राहिली.

"एका वर्षानं होत नाई. तुमी खारं केलं ते धुवाले दोन पावसाळे लागन. पोरीले विचारा, ते शिकली हाये."

सगळे माझ्याकडे बघू लागले. दोन पावसाळे लागतील की तीन, मला खरंच माहीत नव्हतं. पाऊस कसा पडेल त्यावर, खत किती मिळेल त्यावर. तसं मी सांगितलं असतं तर ते खरं असतं आणि तुकडा गेला असता. मी म्हटलं, "दोन तर लागतीलच. दर वर्षी खत टाकलं तर."

"तं दोन," बाबा म्हणाले. "त्याच्या वर एक दिस नाई."

सोलरवाल्यानं मोबाइल खिशात ठेवला. तो रागावला नाही. त्याला अशा घरांची सवय असावी. "ठीक आहे काकाजी. मी फोन करत राहीन," म्हणाला, आणि टेपवाल्याला खूण करून धुरा ओलांडून काकांच्या वावरात गेला. काका तिथं उभेच होते, डोक्यावर धुतलेली टोपी. त्यांनी स्वतः टेपचं एक टोक धरलं.

टेपवाला धुऱ्याच्या अगदी कडेनं मोजत आला. तिथं आमच्या चवळीचे वेल धुऱ्यावर चढलेले. त्यानं पायानं ते बाजूला सारले. माय टोपलं तिथंच ठेवून धुऱ्यावर जाऊन उभी राहिली, अंगावरून पदर घट्ट ओढून, तिच्या आणि टेपमध्ये हातभराचं अंतर. तो मोजत पुढं सरकला तशी तीही धुऱ्यावरून पुढं सरकत गेली, थेट रस्त्यापर्यंत.